हॉटेलचे पॉइंट आणि बोहारणीचा भाव

आमच्या सासूबाईंनी शेगावचं भक्तनिवास पाहिलंय, पंढरपूरला मठात मुक्काम केलाय, अक्कलकोटला सतरंजीवर रात्र काढलीय. पण हॉटेलात राहायला म्हणून त्या कधी गेल्या नव्हत्या. "त्यापेक्षा घर काय वाईट?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गेल्या वर्षी त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. हार-तुरे, समारंभ काही नको म्हणाल्या. आणि मग एके दिवशी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "समुद्र दिसतो अशा खोलीत एकदा सकाळी जाग यावी, असं फार वाटतं गं."

झालं, तिथल्या तिथे ठरलं! गोव्याला दोन रात्री जायचं. खोलीच्या पैशांची तर काळजीच नव्हती, कारण आमच्याकडे 'पॉइंट' होते.

आमच्या ह्यांची नोकरी फिरतीची होती. महिन्यातले आठ-दहा दिवस आज पुणे, उद्या चेन्नई, परवा अहमदाबाद. मुक्काम बहुतेक एकाच साखळीच्या हॉटेलांत. प्रत्येक मुक्कामाला पॉइंट जमा होतात आणि पुढे त्यावर फुकट राहता येतं, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जाऊ या म्हटलं, की हे म्हणायचे, "पॉइंट साठू देत." मुलांची सुट्टी लागली, "पॉइंट साठू देत." मीही मनात म्हणायची, जणू भिशीच चालू आहे आपली!

रविवारी दुपारी जेवणं आटोपून ह्यांनी मोबाइलवर खातं उघडलं. शिल्लक शून्य.

काय झालं होतं, तर दोन वर्षांपूर्वी ह्यांनी नोकरी बदलली आणि फिरती संपली. ठरलेल्या मुदतीत खात्यावर काहीच हालचाल नाही, म्हणून सगळे पॉइंट रद्द! सूचना आल्या नव्हत्या का? आल्या होत्या ना. पण त्या गेल्या ह्यांच्या जुन्या ऑफिसच्या ई-मेलवर. खातं काढताना तोच पत्ता दिला होता. मी तणतणत हॉटेलच्या फोनवर भांडले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नियमांत लिहिलेलं आहे." आणि खरंच लिहिलेलं होतं. वर्गात मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून रोज सांगणारी मी! पण दहा वर्षांत आमच्या घरात कोणी ते नियम वाचले नव्हते.

मग मी वाचले. एकाच नव्हे, चार-पाच साखळ्यांचे वाचले. वहीत टिपणं काढली. त्यातलं आपल्या संसाराला उपयोगी पडेल तेवढं आज सांगते.

मुळात ही योजना कोणासाठी?

ह्या कल्पनेची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने विमानप्रवासाचे मैल जमा करण्याची योजना काढली. पाठोपाठ १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी मुक्कामावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. कामासाठी फिरणारा माणूस हॉटेल स्वतः निवडतो, पण बिल त्याची कंपनी भरते. त्याने पुन्हा आपल्याकडेच यावं म्हणून त्याला लावलेला हा गोड खाऊ. वर्षातून एकदा-दोनदा फिरायला जाणारं आपलं कुटुंब ह्या योजनेच्या मध्यभागी नाही, एका कडेला आहे. एवढं लक्षात ठेवलं, की पुढचे बरेच नियम आपोआप उलगडतात.

उदाहरणार्थ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे सभासदांचे दर्जे असतात. मॅरियटमध्ये सिल्व्हरला वर्षात १० रात्री लागतात, गोल्डला २५ आणि प्लॅटिनमला ५०. नवीन वर्ष उजाडलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपण त्या वाटेला जायचंच नाही. दर्जा टिकवण्यासाठी जास्तीचा मुक्काम करणं म्हणजे पिशवी फुकट मिळते म्हणून नको असलेली साडी घेणं!

खातं कोणाच्या नावाचं?

सभासद होण्याला पैसे पडत नाहीत. पण खातं एकेका व्यक्तीचं असतं, 'कुटुंबाचं' नसतं. पॉइंट मिळतात ते त्या नावाने राहणाऱ्या माणसाला. म्हणून घरात चार जणांची चार खाती काढून चिमूट-चिमूट साठवण्यात अर्थ नाही. लग्नकार्याला तीन खोल्या घ्यायच्या असतील, तर मॅरियटमध्ये एका सभासदाला तिन्ही खोल्यांचे पॉइंट मिळू शकतात. अट अशी, की त्यातल्या एका खोलीत त्याने स्वतः राहायचं आणि तिन्हींचं बिल त्यानेच भरायचं. हिल्टनमध्ये नातेवाइकांचे, मित्रमंडळींचे पॉइंट एकत्र करायची सोय आहे, एकूण ११ जणांपर्यंत आणि तीही विनामूल्य.

खातं काढताना ई-मेल घरचा द्यायचा, ऑफिसचा नव्हे. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, तो आमच्या घरचा आहे आणि आम्हाला महाग पडलेला आहे.

बुकिंग कुठून?

हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून, ॲपवरून किंवा फोनवरून बुकिंग केलं, तरच पॉइंट मिळतात असं धरून चाला. दुसऱ्या कंपन्यांच्या प्रवासाच्या ॲपवरून खोली घेतली, की सहसा पॉइंट नाहीत. पाहुण्यांच्या घाऊक दराच्या खोल्यांचंही तसंच. आता प्रश्न येतो, ॲपवर चारशे रुपये स्वस्त मिळतेय, तर काय करायचं? ह्याचं उत्तर पुढच्या हिशोबात आहे.

एका पॉइंटची किंमत किती?

हा हिशोब आमटीला फोडणी देता देता करता येतो. पॉइंट खोलीच्या भाड्यावर मिळतात, करावर मिळत नाहीत. समजा, खोलीचं भाडं ९,००० रुपये. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याखालच्या खोलीला ५ टक्के. म्हणजे बिल झालं १०,६२० रुपये, पण पॉइंट ९,००० वर. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरला १० पॉइंट देतात. डॉलर नव्वद रुपयांचा धरला, तर ९,००० म्हणजे १०० डॉलर, म्हणजे १,००० पॉइंट. हजार ऐकून छाती फुगते की नाही?

आता उलटा हिशोब. पॉइंट वापरून जी खोली घ्यायची, तिचं करासकट भाडं बघायचं आणि त्याला मागितलेल्या पॉइंटांनी भागायचं. समजा, ८,००० रुपयांची खोली १६,००० पॉइंटांना मिळतेय. म्हणजे एक पॉइंट पन्नास पैशांचा, आणि आपले १,००० पॉइंट ५०० रुपयांचे. साडेदहा हजारांवर पाचशे, शंभराला पाच रुपयेसुद्धा पुरते नाहीत! तेव्हा दुसरीकडे चारशे रुपये स्वस्त मिळत असेल, तर दोन्ही जवळपास सारखंच. हजार स्वस्त मिळत असेल, तर पॉइंटचा मोह सोडून हजार वाचवावेत. फक्त रद्द करण्याची अट दोन्हीकडे ताडून बघावी.

आपल्याकडच्या ताज हॉटेलांत मुक्कामावर टाटांची न्यूकॉइन मिळतात. तिथे एक कॉइन म्हणजे एक रुपया असा सरळ हिशोब आहे. बाकी ठिकाणी मात्र भाव रोजचा.

बोहारणीचा भाव

आणि इथेच मला बोहारीण आठवली. आपल्या आया दुपारी दाराशी बसून जुन्या साड्यांवर भांडी घ्यायच्या. चार साड्यांना पातेलं की पाच साड्यांना, हे कुठे लिहिलेलं नसायचं. बोहारीण साडी उलगडायची, काठ बघायची, तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "आणखी एक शर्ट टाका, बाई."

पॉइंटांचंही आता तसंच झालंय. पूर्वी अमुक वर्गाचं हॉटेल अमुक पॉइंटांना, असा तक्ता असायचा. हिल्टनने तो २०१७ मध्ये काढला, मॅरियटने मार्च २०२२ मध्ये. आता तीच खोली पावसाळ्यातल्या मंगळवारी कमी पॉइंटांना मिळते आणि नाताळात कितीतरी जास्तीला. फरक एवढाच, की बोहारणीशी आपल्याला घासाघीस करता यायची! इथे करता येते ती फक्त तारखांची. शाळेच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार, लग्नसराई टाळता आली, तर तेच पॉइंट दुपटीने पुरतात. आणि मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या, तर चारच रात्रींचे पॉइंट लागतात.

पॉइंटांवर मिळते ती खोली, हेही विसरू नका. जेवणखाण आणि वर दोन वेळचा चहा ह्यांचे पैसे वेगळे. तिसऱ्या माणसाच्या गादीचे पैसे लागतात का, तेही आधी विचारावं.

मुदत

मॅरियट आणि हिल्टनमध्ये २४ महिने खातं निजलेलं राहिलं, तर पॉइंट जातात. हॉलिडे इन ज्या आयएचजीच्या घरातलं आहे, तिथे साध्या सभासदाला १२ महिनेच, आणि अकॉरमध्ये ३६५ दिवस. खातं जागं ठेवायला मोठा मुक्काम लागत नाही. बहुतेक ठिकाणी थोडे पॉइंट मिळवले किंवा वापरले तरी चालतं. पण मॅरियटमध्ये नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या खात्यात नुसते इकडचे तिकडे केलेले पॉइंट जागेपणात धरत नाहीत. विम्याच्या हप्त्याची तारीख कॅलेंडरवर लिहितो ना, तशीच ही तारीख लिहून ठेवायची.

तीच गोष्ट कार्डाची. एचडीएफसी बँकेने २०२३ मध्ये मॅरियटचं क्रेडिट कार्ड काढलं. वर्षाची फी ३,००० रुपये आणि वर कर, म्हणजे ३,५४०. त्यावर १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र फुकट. गणित आकर्षक आहे, पण ती रात्रही मुदतीची. वर्षभरात जाणं झालंच नाही, तर ती साडेतीन हजारांची न झालेली सहल!

आणि खातेदारच गेला तर?

हे लिहिताना हात जरा थबकतो, पण लिहायला हवं. आमच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान अचानक गेले. बँक, विमा, पीएफ सगळं त्यांनी एकटीने निस्तरलं. वर्षभराने त्यांना आठवलं, की यजमानांचे हॉटेलचे पुष्कळ पॉइंट होते. पण त्यांचा मोबाइल नंबर बंद झालेला, त्यामुळे खातं उघडायचा आकडा येणार कुठे? मला म्हणाल्या, "पॉइंटांचं काही नाही हो. निवृत्तीनंतर आपण दोघं केरळला जाऊ, म्हणून ते साठवत होते."

सभासदत्वाच्या नियमांत सहसा स्वच्छ लिहिलेलं असतं, की पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नव्हे. त्यामुळे ठेवीसारखा त्यांच्यावर वारसाहक्क सांगता येत नाही. काही साखळ्या मृत्यूचा दाखला आणि अर्ज पाहून पत्नीच्या किंवा पतीच्या खात्यात पॉइंट वळवतात, पण त्यालाही मुदत असते. म्हणून घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या वहीत हेही एक पान असू द्या: कुठल्या हॉटेलचं खातं, सभासद क्रमांक, कुठला ई-मेल, कुठला नंबर, कधीपर्यंतची मुदत.

आम्ही गोव्याला गेलो. दोन रात्रींऐवजी एकच रात्र, माझ्या शाळेच्या पगारातून साठवलेल्या पैशांनी. हॉटेलच्या साइटवरून, माझ्या नावाच्या नव्या खात्यावर! सासूबाई पहाटे पाचलाच उठल्या. गॅलरीत खुर्ची ओढून शाल पांघरून बसल्या. अंधारात आधी नुसती गाज ऐकू येत होती, मग हळूहळू पाणी दिसायला लागलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझा लग्नातला शालू आठवला. चांगल्या प्रसंगाला नेसू म्हणून घडी ठेवला. तीस वर्षांनी काढला, तर घडीघडीवर चिरलेला." आणि मग माझ्याकडे वळून, "पॉइंट मिळाले का गं ह्या खोलीचे?"

मिळाले होते. फार नाहीत, पण मिळाले. मुदतीची तारीख मी तिथेच मोबाइलमध्ये लिहून ठेवली.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली, की यजमानांना एवढंच विचारा: "तुमचे पॉइंट कुठे आहेत, किती आहेत आणि कधीपर्यंत आहेत?" उत्तर "साठू देत" असं आलं, तर सासूबाईंच्या शालूची गोष्ट सांगा.