ज्येष्ठतेची यादी आणि पुढे जाण्याची वाट

ज्या कारखान्यात बलवान कामगार संघटना असते तेथे कर्तबगारीला वाव उरत नाही, असे आपल्याकडील सुशिक्षित वर्ग मोठ्या विश्वासाने बोलत असतो. तासाचा दर कराराने बांधलेला, बढती सेवाज्येष्ठतेच्या यादीने बांधलेली. मग एखादा जीव तोडून राबला काय किंवा घड्याळाकडे डोळे लावून बसला काय, दोघांच्या पदरात सारखेच पडणार, असा हा युक्तिवाद. शिक्षक आणि कारकून स्वतःच अशा यादीत वर्षानुवर्षे तिष्ठत असल्याने त्यांना तो चटकन पटतो. परंतु पुढे जाऊ पाहणाऱ्या कामगाराची वाट नेमके कोण अडवते हे समजून घ्यायचे असेल, तर अमेरिकेत लुइझियाना राज्यातील ग्रॅमर्सी येथल्या कारखान्याची हकीकत पाहण्याजोगी आहे.

कैसर ॲल्युमिनियम कंपनीच्या या कारखान्यात कामगारांचे दोन थर होते. खाली उत्पादन विभागातील साधे कामगार. वर वीज, जोडारी, यंत्रदुरुस्ती अशी कामे करणारे कुशल कारागीर. १९७४ पर्यंत कारागिराच्या जागेवर कंपनी पूर्वानुभव असलेल्यालाच घेत असे. अट दिसायला निर्दोष. पण अनुभव मिळवायचा कोठे? कारागिरांच्या संघटनांनी कृष्णवर्णीयांना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवले होते. परिणामी परिसरातील श्रमिकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ३९ टक्के असताना कारखान्यातील २७३ कारागिरांत ते अवघे ५ होते. ज्याच्या गाठीला असा अनुभव नव्हता त्या गोऱ्या कामगारालाही ही अट अडवत होतीच, मात्र याची वाच्यता फारशी झाली नाही.

१९७४ साली ‘युनायटेड स्टीलवर्कर्स’ ही संघटना आणि कंपनी यांच्यात १५ कारखान्यांसाठी करार झाला. बाहेरून कारागीर आणण्याऐवजी आपल्याच कामगारांना कारागिरी शिकवण्याचे कंपनीने मान्य केले. निवड ज्येष्ठतेनुसार, मात्र स्थानिक श्रमिकांतील प्रमाण गाठले जाईपर्यंत निम्म्या जागा कृष्णवर्णीयांसाठी. ग्रॅमर्सीत पहिल्या वर्षी १३ जण निवडले गेले, ७ कृष्णवर्णीय व ६ गोरे. ब्रायन वेबर या गोऱ्या कामगाराचा अर्ज नाकारला गेला. निवडलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सर्वांत ज्येष्ठाची सेवाही नाकारलेल्या काही गोऱ्यांपेक्षा कमी होती. वेबर न्यायालयात गेला, खालच्या दोन्ही न्यायालयांत जिंकला आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध २ अशा मतांनी हरला.

वेबरची तक्रार क्षुल्लक नव्हती. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीनंतर बढतीतील आरक्षणावरून आपल्याकडे झालेले वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना तिची धार समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि ज्या जागेसाठी तो भांडला, ती जागा त्याच्या आवाक्यात आणली होती त्याच कराराने. आदल्या वर्षी त्याने कितीही हौस दाखवली असती, तरी पूर्वानुभवाच्या कुंपणापाशी त्याला थांबावेच लागले असते. वैयक्तिक पुढाकाराला आधी चढण्यासाठी शिडी लागते, आणि येथे ती कामगाराच्या एकट्याच्या बळावर उभी राहिली नाही.

ज्येष्ठतेच्या यादीलाही इतिहास आहे. ती आळशांची युक्ती असल्याचा समज ज्यांचा असेल, त्यांनी संघटनेपूर्वीचे अमेरिकन मोटार कारखाने आठवावेत. तेथे कोणाला कामावर ठेवायचे व कोणाला घरी बसवायचे हे फोरमनच्या मर्जीवर असे, आणि ती मर्जी संपादण्यासाठी भेटी पोचवणारे, त्याच्या घरची कामे करून देणारे लोक होते. हाही एक प्रकारचा पुढाकारच म्हणायचा! फ्लिंट येथे १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगार ४४ दिवस कारखाना व्यापून बसले, त्यामागे या अरेरावीचा संतापही होता.

यादीमुळे गुणवत्तेचा प्रश्न सुटतो असे मात्र नाही. अनेक करारांत पात्रता तुल्य असेल तरच ज्येष्ठता निर्णायक ठरते. म्हणजे फलकावरील जागा पाहून अर्ज करणे, परीक्षा देणे, चार-चार वर्षांची उमेदवारी पत्करणे हे कामगारालाच करावे लागते. फोरमनची खुर्ची पत्करली तर गोष्ट आणखी निराळी. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने पर्यवेक्षकांना संघटनेच्या कायदेशीर संरक्षणातून वगळले आहे. तेव्हा महत्त्वाकांक्षी कामगार वर चढतो तो संरक्षण मागे ठेवूनच. सगळ्यांच्या अंगी हे धाडस नसते आणि त्यासाठी त्यांना दोष देणेही योग्य नाही. बहुसंख्यांच्या दृष्टीने पुढे जाणे म्हणजे आपल्याच कामाचा पूर्ण दर लवकर हाती येणे. २०२३ मध्ये तीन मोठ्या मोटार कंपन्यांतील संपानंतर हा कालावधी ८ वर्षांवरून ३ वर्षांवर आला.

महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या तरुणाची स्थिती १९७४ पूर्वीच्या ग्रॅमर्सीहून बिकट आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र त्याच्या खिशात असते, पण ज्या यंत्रावर तो राबतो त्या कारखान्याच्या ज्येष्ठतेच्या यादीत त्याचे नाव नसते. कंत्राटदार बदलला की त्याची सेवा पुष्कळदा पहिल्या दिवसापासून मोजली जाते.