मुलींच्या हातीही स्क्रू ड्रायव्हर द्या

घरात काही बिघडलं की मुलाला हाक, आणि मुलीला तंबी, ‘हात लावू नकोस, शॉक बसेल!’ मिक्सर, इस्त्री दिवसभर वापरायची बायकांनी, उघडायची मात्र पुरुषांनी. असं का बरं? इलेक्ट्रॉनिक्स शिकायला कॉलेजची अ‍ॅडमिशनच लागते असं नाही. माळ्यावर पडलेला जुना डीव्हीडी प्लेअरही पुरतो.

अशा बऱ्याच प्लेअरवर मोरपंखी रंगाचे आकडे उमटायचे, आठवतात? तो व्हॅक्युम फ्लुरोसंट डिस्प्ले. १९६७ मध्ये जपानमध्ये जन्मलेला. काचेच्या आत हवा नसते. पुढे केसासारख्या बारीक तारा, मध्ये जाळी, मागे फॉस्फरचा लेप दिलेले आकडे. तारा तापल्या की इलेक्ट्रॉन सुटतात. जाळी आणि आकडा, दोघांना पॉझिटिव्ह व्होल्टेज मिळालं की ते तिकडे धावतात आणि लेप उजळतो. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हचंच हे भावंड!

सुरुवात सोपी आहे. ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून डिस्प्ले सोडवून घ्या. दोन टोकांचे पाय बहुधा तारांचे असतात. त्यांना दीड व्होल्टचा एक सेल जोडा. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की २७ व्होल्ट होतात. त्यांची निगेटिव्ह बाजू सेलच्या निगेटिव्हला जोडा. पॉझिटिव्ह बाजू एक किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून उरलेल्या पायांपैकी दोन-दोन पायांना लावून बघा. जाळी आणि आकड्याची जोडी जमली की काचेत एक रेघ उजळेल. कोणता पाय कशाचा, ते वहीत लिहीत जा. उजेड मंद वाटला तर दोन सेल लावा, पण तारा लालबुंद दिसल्या तर लगेच काढा, नाहीतर त्या जळतील.

कुणी म्हणेल, एलईडी स्वस्त नि सोपा. खरंय. पण एलईडी पेटतो, कसा ते दिसत नाही. इथे तारा, जाळी, लेप सगळं डोळ्यांसमोर असतं.

एक मात्र कटाक्षाने पाळा. प्रयोग फक्त बॅटरीवर करायचा. मायक्रोवेव्ह उघडायचाच नाही, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज उरू शकते.

मैत्रिणींनो, भीती अज्ञानाची असते, विजेची नव्हे. विजेची असावी ती काळजी. मुलीला ‘हात लावू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘कुठे लावायचा नाही’ ते शिकवा. बाकीचं ती स्वतःच शोधून काढेल.