विश्लेषण : मेंदूतील वायर दगा देते कुठे? चर्चा चिपची, प्रश्न कवटीवरच्या झाकणाचा

मोबाइलच्या चार्जरची वायर सहसा मधोमध तुटत नाही. ती तुटते पिनेच्या मानेपाशी. वायर लवचिक, पिन कडक. लवचिक वस्तू कडक वस्तूतून बाहेर पडते तिथेच ओढ, पीळ आणि वाकणे हे सगळे एकवटते. म्हणून बऱ्या चार्जरच्या मानेला रबराचे खाचांचे आवरण असते. माणसाच्या मेंदूत वायर किंवा नळी बसवणाऱ्या न्यूरोसर्जनपुढचा प्रश्नही याच जातीचा आहे. मेंदू मऊ, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला किंचित हलणारा. कवटी हाडाची, जागच्या जागी. या दोन्हींना ओलांडून जाणारी वायर मात्र वर्षानुवर्षे मिलिमीटरभरही सरकता कामा नये, अशी अपेक्षा.

हा प्रश्न सामान्य वाचकासमोर पहिल्यांदा ठळकपणे आला तो 2024 मध्ये. इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने त्या वर्षी जानेवारीत नोलँड अर्बॉ या तरुणाच्या मेंदूत पहिले उपकरण बसवले. नाण्याएवढे यंत्र कवटीत आणि त्यातून निघालेले केसाहून बारीक 64 धागे मेंदूत. हाताविना बुद्धिबळ खेळणाऱ्या अर्बॉ यांचे व्हिडीओ जगभर फिरले. मात्र शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत अनेक धागे मेंदूतून मागे सरकल्याचे कंपनीनेच मे महिन्यात जाहीर केले. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी काय बदलले? शस्त्रक्रियेदरम्यान मेंदूची हालचाल कमी ठेवली आणि यंत्र व मेंदूचा पृष्ठभाग यांमधली फट कमी केली. म्हणजे चिप बदलून नव्हे, तर ती कवटीत कशी बसते ते सुधारून मार्ग काढला गेला.

चौदा मिलिमीटरचे भोक, सव्वा मिलिमीटरची वायर

न्यूरालिंक अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहे. पण मेंदूत कायमची वायर घेऊन वावरणारी माणसे आपल्या आजूबाजूला आजही आहेत. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, औषधांनी आटोक्यात येईनासा झाला की काही रुग्णांवर ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ किंवा डीबीएस ही शस्त्रक्रिया केली जाते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अलीम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये या आधुनिक पद्धतीची सुरुवात केली. आज जगभरात लाखाहून अधिक लोकांनी ती करून घेतली आहे आणि मुंबई-पुण्यातही ती होते.

या शस्त्रक्रियेत कवटीला साधारण 14 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडतात. त्यातून जाणाऱ्या वायरची, म्हणजे ‘लीड’ची जाडी फक्त 1.27 मिलिमीटर. तिचे टोक मेंदूच्या खोल भागातील सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मसुराच्या आकाराच्या, पण त्याहून काहीशा मोठ्या केंद्रात पोहोचवायचे असते. वायरचे दुसरे टोक कवटीबाहेर येऊन टाळूच्या कातडीखालून कानामागे जाते, तिथून मानेतून खाली छातीतल्या बॅटरीपर्यंत.

मोठ्या भोकाच्या पोकळीत उभ्या असलेल्या त्या वायरला धरणार कोण? ते काम कवटीच्या तोंडाशी बसवलेल्या एका छोट्या भागाचे. एक कडी, एक चिमटा, वर झाकण. किंमत आणि कौतुक या दोन्ही बाबतींत तो यादीच्या तळाशी असतो.

सगळ्यात नाजूक क्षण येतो तो टोक अचूक जागी पोहोचल्यानंतर. वायर मऊ असल्याने आत शिरताना वाकू नये म्हणून तिच्या पोकळीत धातूची ताठ सळई घातलेली असते. जागा पक्की झाली की ती बाहेर ओढायची. सळई निघताना वायरही तिच्यासोबत वर येऊ शकते. म्हणून आधी चिमटा लावायचा, मग सळई काढायची आणि हे करताना क्ष-किरण पडद्यावर टोक हलत नाही ना, हे पाहायचे. तासन्‌तास मोजमाप करून साधलेली अचूकता या काही सेकंदांत हातची जाऊ शकते.

दोन मिलिमीटरने काय बिघडते?

बरेच बिघडते. बऱ्याच वापरात असलेल्या एका लीडवर चार धातूचे पट्टे असतात. प्रत्येक 1.5 मिलिमीटरचा आणि दोघांमधली जागा अर्धा मिलिमीटर. म्हणजे एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंतची पायरी बरोबर दोन मिलिमीटरची. वायर दोन मिलिमीटर वर सरकली तर डॉक्टर प्रोग्रामिंगमध्ये खालचा पट्टा सुरू करून वेळ मारून नेऊ शकतात. पण खालचा पट्टा आधीच वापरात असेल तर पुढे पायरीच उरत नाही. आणि वायर बाजूला सरकली, तर शेजारून जाणाऱ्या हालचालीच्या तंतूंना विजेचा स्पर्श होतो. बोलणे अडखळते, चेहऱ्याचे स्नायू ओढले जातात. थरथर कमी व्हावी म्हणून विजेचा जोर वाढवावा, तर जीभ जड होते.

त्यात मेंदू स्वतःही जागा बदलतो. कवटी उघडल्यावर आतला द्रव थोडा गळतो, हवा शिरते, मेंदू किंचित खाली बसतो. पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत हवा शोषली जाते आणि तो पुन्हा वर येतो. वायर मात्र कवटीला बांधलेली. त्यामुळे चिमटा कितीही चांगला असला तरी शस्त्रक्रियेच्या संध्याकाळचे चित्र आणि महिन्यानंतरचे चित्र एकच असेल याची खात्री नसते.

दोरा, सिमेंट, पट्टी की चिमटा?

यावरचे उपाय पाहिले तर घरोघरच्या जुगाडू इलेक्ट्रिशियनची आठवण यावी. सुरुवातीच्या काळात वायर दोऱ्याने हाडाजवळच्या आवरणाला बांधत. सांधे बदलताना वापरले जाणारे हाडांचे सिमेंट भोकात ओतून वायर त्यात रोवण्याचीही पद्धत आहे. ते घट्ट बसते, पण पुढे वायर बदलायची वेळ आली की फोडणे जिकिरीचे. तुटलेली हाडे जोडायला वापरतात तसली टायटॅनियमची छोटी पट्टी वायरवर आडवी ठेवून स्क्रूने आवळणे हा आणखी एक मार्ग. स्वस्त आणि सहज मिळणारा. पण स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला तर आवरण दबते, आतल्या बारीक तारा चिरडतात. कमी आवळला तर वायर निसटते.

या कामासाठीच बनवलेले कडी-चिमटा-झाकण यातून आले. कडी दोन स्क्रूंनी हाडाला बसते, चिमटा वायरला बाजूने धरतो, वायर खाचेतून वळून बाहेर पडते आणि वरून झाकण बसते. पट्टीपेक्षा महाग, पण दाब किती पडावा हे सर्जनच्या मनगटावर न सोडता भागाच्या रचनेतच ठरवलेले. इंजिनीअरिंगच्या दृष्टीने हाच खरा फायदा. चांगल्या हाताचा सर्जन पट्टीनेही उत्तम काम करतो, हे खरे. पण बाराशे रुग्णांत सातत्य हवे असेल तर ते हातावर नाही, वस्तूवर अवलंबून असावे.

झाकणाचीही किंमत मोजावी लागतेच. ते हाडावर उंचवट्यासारखे राहिले तर वरची टाळू ताणली जाते. वय झालेल्या, पातळ कातडीच्या रुग्णांत ती झिजून जखम होते आणि जंतूंना वाट मिळते. म्हणून अनेक सर्जन हाडात उथळ खळगा कोरून झाकण त्यात बसवतात आणि टाके झाकणाच्या थेट वर येणार नाहीत असा छेद घेतात. वायरवर जंतूंचा थर एकदा जमला की नुसत्या औषधांनी तो जाईलच असे नाही. अनेकदा सगळे साहित्य काढावे लागते. आणि वर्षानुवर्षे सुरू असलेले डीबीएस अचानक बंद होणे हे रुग्णासाठी स्वतंत्र संकट असते.

वायर कातडीबाहेर काढली तर काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील ब्रेनगेट प्रकल्पाने दिले आहे. तिथे कवटीला स्क्रूने बसवलेला धातूचा खुंट कातडीतून बाहेर येतो. 2004 ते 2021 या काळातील 14 जणांच्या 12,203 दिवसांचा हिशेब 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूत संसर्ग एकालाही झाला नाही. उपकरणामुळे उद्भवलेला सर्वांत नेहमीचा त्रास होता त्या खुंटाभोवतीच्या कातडीचा.

मशीन म्हणते सगळे ठीक

मुद्द्याची गोष्ट इथे आहे. डीबीएसचा रुग्ण तपासणीला येतो तेव्हा डॉक्टर बाहेरून यंत्र लावून विद्युतरोध मोजतात. वायर तुटली असेल तर आकडा भलताच मोठा येतो आणि दोष लगेच कळतो. पण वायर शाबूत राहून नुसती सरकली असेल, तर आकडा अगदी नॉर्मल येऊ शकतो. वीज वाहते आहे, बॅटरी भरलेली आहे, फक्त टोक चुकीच्या जागी आहे. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशनचा पहिल्यासारखा फायदा नाही.’ वाढत्या आजाराचा हा भाग, असे सांगितले जाते. अनेकदा ते खरेही असते. पण खरे की खोटे, हे कळायला जुन्या आणि नव्या स्कॅनची तुलना लागते. जुना स्कॅन शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात, रुग्ण तपासणीला दुसऱ्याच शहरात, अशी स्थिती असेल तर तुलना कशाची करायची?

म्हणून डीबीएसच्या प्रत्येक रुग्णाला घरी जाताना तीन गोष्टी हातात मिळायला हव्यात : शस्त्रक्रियेनंतरच्या सीटी स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, कवटीपाशी वायर कशाने आणि कशी बसवली याची नोंद आणि लीडचे मॉडेल. काही आठवड्यांनी, हवा शोषली गेल्यावर, आणखी एक चित्र घेतले तर उत्तम. लाखांत जाणाऱ्या खर्चात हा भार नगण्य आहे. चिमटा हा ‘कन्झ्युमेबल्स’ या एका ओळीत गडप होणारा भाग नाही. बिलात त्याचे नाव वेगळे दिसायला हवे.

लीड सरकणे तसे विरळाच, तेवढ्यासाठी रुग्णांना का घाबरवा, असे यावर कोणी म्हणेल. विरळा आहे, हे मान्य. पण न शोधलेली गोष्ट विरळाच दिसते. शिवाय काही कारणे रुग्णाला सांगितली तरच टळतात. छातीतली बॅटरी कातडीखाली सहज चाळा म्हणून फिरवत राहण्याची सवय काहींना लागते. त्याने वायरला पीळ बसत जातो आणि ओढ वर कवटीपर्यंत पोहोचते. पेसमेकरच्या रुग्णांत हा प्रकार 1968 मध्येच नोंदला गेला, डीबीएसमध्येही तो दिसला आहे.

आयसीयूतली नळी

डीबीएस मोजक्यांच्या वाट्याला येते. कवटीतून बाहेर येणारी नळी मात्र कोणाच्याही घरावर येऊ शकते. मेंदूतील रक्तस्राव, डोक्याला मार, मेंदूज्वर अशा वेळी आतला दाब कमी करण्यासाठी मेंदूच्या पोकळीत नळी घालून द्रव बाहेरच्या पिशवीत सोडतात. प्रौढ माणसात हा द्रव दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतो. वाट बंद झाली की दाब काही तासांत वाढू शकतो.

ही नळी भोकातून सरळ बाहेर काढत नाहीत. कातडीखालून काही सेंटिमीटर बोगद्यासारखी नेऊन दुसऱ्याच जागी बाहेर काढतात. 1980 मध्ये वर्णन झालेल्या या साध्या युक्तीने जंतूंचा रस्ता लांबतो आणि नळीला पकडही मिळते. बाहेर आल्यावर एक वेटोळे घालून टाके मारतात, म्हणजे धक्का आधी वेटोळ्याला बसतो. कवटीत स्क्रूने बसणारा पोकळ बोल्ट हा अधिक पक्का पर्याय, पण महाग.

नळी निसटते ती बहुधा ऑपरेशन थिएटरमध्ये नाही. ती निसटते रुग्णाला कुशीवर वळवताना, ट्रॉलीवरून सीटीच्या टेबलावर घेताना, किंवा भ्रमात असलेल्या रुग्णाचा हात डोक्याकडे गेल्यावर. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात ट्रॉली ढकलायला अनेकदा नातेवाईकच असतात आणि पिशवी कोणी धरायची हे लिफ्टच्या दारात ठरते. इथे महागड्या बोल्टआधी दोन फुकटच्या गोष्टी लागतात : नळी कोणाच्या ताब्यात आहे ते हलवण्यापूर्वी ठरवणे आणि प्रत्येक पाळीला टाके व नळीवरची सेंटिमीटरची खूण तपासून लिहिणे.

नोंद कुठे होते?

वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवण्यासाठी देशात 2015 पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम आहे. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. डॉक्टर, परिचारिका, रुग्णालयाचे बायोमेडिकल इंजिनीअर यांपैकी कोणीही तिथे अहवाल पाठवू शकते. सरकलेली लीड, झिजलेली टाळू, निसटलेली नळी हे सगळे त्यात यायला हवे. सर्जनवर ठपका म्हणून नाही, तर कोणता चिमटा, कोणती पट्टी, कोणते टाके टिकतात हे इथल्या आकड्यांवरून कळावे म्हणून.

भारतात हे भाग बनवता येणार नाहीत असेही नाही. मेंदूतील पाणी पोटात सोडणारा ‘छाबडा शंट’ उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरला बनतो. युगांडात लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात, 2005 मध्ये, तो कित्येक पट महाग परदेशी शंटच्या तोडीस तोड ठरला होता. कडी, चिमटा आणि झाकण हे तर त्याहून साधे भाग आहेत.