बाजरीच्या ओळींमधली तूर

ऑगस्ट 2023 मध्ये खेड तालुक्यातल्या शेतकऱ्यावर दोन घाव एकदम बसले. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच; आणि त्याच महिन्यात केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. चाकणची बाजारपेठ कांद्याच्या आवकेवर चालते. ज्याची सारी भिस्त कांद्यावर, त्याला ना आभाळाने तारले ना दिल्लीने.

आपल्या जिरायतीत पूर्वी असे एका पिकावर कोणी विसंबत नसे. बाजरीच्या पेरणीतच तुरीच्या ओळी मोघायच्या, सोबत मटकी-हुलगा, कडेने अंबाडी. यामागे पक्का हिशेब होता. बाजरीची मुळे वरच्या थरातली ओल घेतात, तुरीचे सोटमूळ खालची. बाजरी तीन महिन्यांत निघाली की तूर मोकळ्या रानात फोफावते. मटकी जमीन झाकून ओल राखते, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात. पावसाने मध्येच ओढ दिली आणि बाजरीचा दाणा भरला नाही, तरी परतीच्या पावसावर तूर हाती लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची बाजरी-तूर 2:1 ओळींची शिफारस याच अनुभवाला दुजोरा देते.

मग ही रीत मागे का पडली? शेतकऱ्याला बोल लावणे अन्यायाचे आहे. घरातली तरणी पोरे कंपनीत पाळीला जातात; एकाच रानात दोन-तीनदा काढणी करायला माणसे नाहीत. बाजरीत चालणारे ॲट्राझिन हे तणनाशक तुरीला जाळते, त्यामुळे खुरपणीला पर्याय उरत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण विक्रीची. 2025-26 साठी बाजरीला 2,775 आणि तुरीला 8,000 रुपये क्विंटलचा हमीभाव जाहीर झाला. पण चार पोती बाजरी, दोन पोती तूर आणि पायलीभर मटकी घेऊन माणसाने जायचे कुठे?

याचे उत्तर शेताच्या बांधालाच आहे. चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांत रोज हजारो कामगार कँटीनमध्ये जेवतात. तिथल्या पालिकेच्या शाळांत पोषण आहार दिला जातो. या कँटीनांनी आणि पालिकेने खेड-मावळच्या शेतकरी कंपन्यांशी पेरणीपूर्वीच खरेदीचे करार करावेत: धान्य, डाळ, मटकी एकत्र आणि हमीभावाच्या खाली नाही. उद्योगांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून गावागावांत मळणीयंत्रे आणि छोट्या डाळ गिरण्या द्याव्यात. कारखान्यांसाठी जमिनी दिलेल्या गावांचा या खरेदीवर पहिला हक्क आहे, आणि करार मृगाच्या आधी व्हायला हवेत.