आंबा विकायचा तर साकाही सांगा

गेल्या जानेवारीत भाच्याचा फोन आला. देवगडकडे त्याची आंब्याची बाग आहे आणि काही वर्षांपासून तो वेबसाईटवरून थेट गिऱ्हाईकाला पेट्या पाठवतो. म्हणाला, "मावशी, तू जन्मभर मराठी शिकवलंस. माझ्या साईटसाठी दहा लेख लिहून दे ना. हजार-हजार शब्दांचे. फक्त प्रत्येकात 'देवगड हापूस ऑनलाइन' पंधरा वेळा आलं पाहिजे, म्हणजे गूगलमध्ये आपण वर दिसतो."

मला हसूच आलं. वर्गात मुलं निबंधाच्या ओळी भरायला एकच वाक्य फिरवून फिरवून लिहायची आणि मी लाल शाईने 'पुनरुक्ती' असा शेरा मारून गुण कापायचे. आता तेच या वयात मी करायचं?

नमुन्यादाखल त्याने कुठलासा लेख पाठवला. 'आंबा हा फळांचा राजा आहे' इथून सुरुवात आणि 'आजच ऑर्डर करा' इथे शेवट. मधे नुसतं पाणी! असा लेख वाचून कोणी पेटी मागवेल, यावर माझा तरी विश्वास नाही. बरं, गूगललाही हे चालत नाही. नुसत्या भरताडाच्या साईट खाली ढकलायला त्यांनी २०११ पासूनच सुरुवात केली, आणि मार्च २०२४ मध्ये तर निव्वळ वरचा नंबर मिळवण्यासाठी घाऊक लेख पाडण्याविरुद्ध नियमच केला. लेख माणसाने पाडले की यंत्राने, याने फरक पडत नाही.

लेख लिहून माल खपवणं ही काही आजची युक्ती नव्हे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांत होती. नुसतं 'आमचा नांगर घ्या' म्हणून ती कशी जाणार? पुढे त्याच 'खबर'चं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि लोक ते वर्गणी भरून वाचू लागले. जाहिरात म्हणून निघालेली गोष्ट घराघरात गेली, कारण तिच्यात वाचण्यासारखं काही होतं.

मी भाच्याला म्हटलं, "दहा नको, तीनच लिहिते. पण गिऱ्हाईक तुला फोनवर काय विचारतं ते आधी सांग." त्याने यादी दिली. अस्सल हापूस ओळखायचा कसा? घरी आढी कशी लावायची? कार्बाइडने पिकवलाय का? (कायद्याने त्याला बंदी आहे, तरी लोक विचारतातच.) आणि शेवटचा प्रश्न, "वरून छान दिसणारा आंबा आतून पांढरट, आंबट का निघाला?"

म्हणजे साका. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. फळ कापेपर्यंत वरून काही कळत नाही. झाडावर जास्त तयार झालेल्या फळात तो अधिक निघतो, म्हणून बागायतदार आंबा थोडा आधी उतरवतात आणि उतरवल्यावर उन्हात, तापल्या जमिनीवर ठेवत नाहीत. तरी एखाद्या फळात निघतोच. मी हे सगळं स्वच्छ लिहिलं.

भाचा वैतागला. "मावशी, हे वाचून गिऱ्हाईक पळेल! दुसरं कोणी लिहितं का असं?"

"म्हणूनच लिहायचं. आणि खाली ओळ घाल, साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाग त्याची, कर्ज त्याचं, मी फक्त पेन चालवणार. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी त्याने लेख टाकला.

सीझन संपल्यावर भेटायला आला. म्हणाला, "एकाने लेख वाचून खरंच ऑर्डर रद्द केली, हं मावशी." मी गप्प. मग म्हणाला, "पण या वर्षी भांडणं झाली नाहीत. आधी साका निघाला की लोक 'फसवलंत' म्हणून ओरडायचे. आता फोटो पाठवतात आणि म्हणतात, तुम्ही लिहिलं होतं तसाच एक निघाला."

मला वाटतं, धंद्यासाठी लिहिलेल्या लेखाचं खरं काम हेच आहे. गिऱ्हाईकाला साईटवर ओढून आणणं सोपं; ते पुढच्या वर्षी आपणहून परत आलं पाहिजे. आपल्या मालाची खोड आपणच आधी सांगितली, की गुण सांगताना लोकांना ते खरे वाटतात.

असो. जाताना पाच डझनांची पेटी ठेवून गेला. मानधन! त्यातल्या एका आंब्यात साका निघाला. फोटो काढून पाठवलाय. बघू, बदलून देतो का...