नावडतीचे मीठ

नावडतीचे मीठ अळणी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती माणसांना लागू पडते तशीच गावांनाही पडते. एखाद्या गावाच्या नशिबी एकदा नावडतेपण आले, की त्याच्या पावसाला लोक चिखल म्हणतात, शांततेला ओसाडी म्हणतात आणि गजबजाटाला बजबजपुरी म्हणतात. आमचे सिल्वासा हे असे एक नावडते शहर आहे. आज त्याची बाजू मांडण्याचा आमचा विचार आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या गावाचा अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. बडोद्याची मंडळी सयाजीरावांचे नाव घेतात, इंदूरची अहिल्याबाईंचे घेतात, तंजावरची सरस्वती महालाचे घेतात. आम्ही मात्र "सिल्वासाला असतो" असे म्हटले, की समोरच्या गृहस्थाच्या मुखावर एक सूचक स्मित उमटते. "म्हणजे वापीजवळ ना?" हा पहिला प्रश्न. "तिकडे म्हणे दारूवर बंदी नाही!" हा दुसरा. तिसरा प्रश्न सहसा येतच नाही, कारण एवढ्यात त्यांची आमच्या शहराविषयीची सर्व माहिती संपलेली असते. परिणामी आमच्यातलेच काही लोक लग्नकार्यात "आम्ही वापीला असतो" असे सांगून मोकळे होतात. आमच्या परिचयातील एका सुशिक्षित, निर्व्यसनी मुलाचे लग्न दोनदा जमता जमता मोडले. मुलात खोट नव्हती. खोट काढली गेली ती गावाच्या नावात. "मुलीला कारखान्यांच्या गावात कशी द्यावी?" असे मुलीकडच्यांचे म्हणणे. तेव्हा हा विषय केवळ मानापमानाचा राहिलेला नाही. तो आमच्या घरांतल्या मुलामुलींच्या आयुष्याचा झाला आहे.

पहिला आक्षेप असा, की या गावाला इतिहास नाही. वस्तुतः मराठी माणसाने तरी हा आक्षेप घेऊ नये. नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला तो मराठ्यांकडूनच. मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे एक जहाज नष्ट केले होते. पुढे १७७९ च्या तहानुसार त्याच्या भरपाईखातर हा मुलूख १७८३ साली त्यांना देण्यात आला. दादरा त्यांनी १७८५ मध्ये मिळवले. त्यांनी १८८५ साली सिल्वासाला शहराचा दर्जा दिला आणि आपल्या देशातील एका गावावरून त्याचे 'पासो द आर्कोस' असे बारसेही केले. ते नाव कागदांवरच राहिले आणि लोकांच्या तोंडचे सिल्वासा टिकले. गुजराती शेजारी त्याला सेलवास म्हणतात. आम्हांला दोन्ही नावे गोड वाटतात.

गेलेला मुलूख परत आणण्यातही मराठी माणसे पुढे होती. १९५४ च्या जुलैत आधी दादरा आणि मग नरोली मुक्त झाली, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासावर तिरंगा चढला. या कामी गोमंतकीय स्वातंत्र्यसैनिकांच्या संघटना होत्या, पुण्या-मुंबईकडची तरुण मंडळी होती, डाव्या विचारांचे कार्यकर्तेही होते. राजा वाकणकर, नाना काजरेकर यांच्याबरोबर पुढे शिवचरित्रकार म्हणून घरोघरी पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरे त्यांत होते, आणि ज्यांच्या सुरांवर आपल्या घरांतल्या सकाळी उजाडल्या ते सुधीर फडकेही होते. या मोहिमेला निधी मिळावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. गावाला याहून अधिक मराठी कुळकथा ती कोणती हवी?

पुढची सात वर्षे तर विलक्षणच म्हटली पाहिजेत. मुक्त झालेला हा प्रदेश लगेच भारतात विलीन झाला नाही. वरिष्ठ पंचायत नावाच्या सभेने त्याचा कारभार चालवला. अप्पासाहेब करमळकर हे पहिले प्रशासक झाले. पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले; १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले. १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी कोणीतरी अधिकारी पुरुष हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते येथील 'पंतप्रधान' करण्यात आले. समोर सही करणारे पंतप्रधान होते पंडित नेहरू! ११ ऑगस्ट १९६१ पासून हा केंद्रशासित प्रदेश झाला. २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीव यांच्याशी त्याची सांगड घातली गेली आणि राजधानी दमणला गेली. पण आमचे दाव्यांचे अपील पूर्वीप्रमाणे आजही मुंबई उच्च न्यायालयातच चालते. असे हे 'इतिहास नसलेले' गाव.

दुसरा आक्षेप दारूचा. गुजरातेत दारूबंदी आहे आणि आमच्याकडे नाही; तेव्हा शनिवारी संध्याकाळी सीमेपलीकडून गाड्या येतात ही गोष्ट खरी. पण येतात ते पाहुणे, पितात ते पाहुणे आणि सोमवारी आपल्या गावी परतून आमच्या शहराची निंदा करतात तेही पाहुणेच! येथील गृहस्थ सकाळी मुलांना शाळेत सोडतो, पाळीवर जातो आणि संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन घरी येतो. हा माणूस पाहुण्यांना दिसत नाही, कारण ते त्याच्या गल्लीत शिरतच नाहीत.

तिसरा आक्षेप कारखान्यांचा आणि त्यांच्याभोवतीच्या वस्त्यांचा. याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, आणि ते देताना आम्ही वाचकांना सायलीला घेऊन जाणार आहोत.

सायली हे सिल्वासाला लागूनच असलेले गाव. सायली म्हटले की मराठी मनाला अंगणातली वेल आठवते, पांढरी नाजूक फुले आठवतात. येथे मात्र बराच काळ त्या नावाबरोबर कारखान्याचा भोंगा आठवत असे. मागास भाग म्हणून विक्रीकरात आणि प्राप्तिकरात सवलती मिळाल्या, तसे पिपरिया, मसाट, खडोली, रखोली आणि सायली या भागांत कारखाने उभे राहिले. कृत्रिम धाग्याला पीळ आणि फुगवटा देणारे कारखाने त्यांत पुष्कळ आहेत. आपल्या घरात जी न चुरगळणारी साडी आहे किंवा शाळेच्या गणवेशाचे कापड आहे, त्यातला धागा आमच्या गावाकडून आला असण्याचा संभव बराच आहे.

कारखान्यांबरोबर माणसे आली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आली, तशी आपल्या खानदेशातून आणि मराठवाड्यातूनही आली. आली ती एकटी. जनगणनेचे आकडेच पाहा. १९९१ साली या प्रदेशात हजार पुरुषांमागे ९५२ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये ८१२ झाल्या आणि २०११ मध्ये अवघ्या ७७४ राहिल्या. स्त्रिया कमी झाल्या नव्हत्या. बायकामुले गावी ठेवून आलेले पुरुष वाढले होते. त्या काळी सायलीच्या चाळींतून संध्याकाळी चालत गेले तर दोऱ्यांवर केवळ पुरुषांचे कपडे वाळत असलेले दिसत. एका खोलीत सहा-आठ जण राहत; दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागी रातपाळीचा आडवा होई. ते घर नव्हते, मुक्काम होता. मुक्कामाच्या जागी कोणी तुळस लावत नाही आणि गटार तुंबले तर तक्रारही करत नाही. आमच्या वस्त्यांना जी कळा होती ती या कारणाने होती. येथल्या माणसांत काही उणे होते म्हणून नव्हे.

आज त्याच रस्त्याने जावे. दोरीवर शाळेचे गणवेश दिसतात, साड्या दिसतात, तान्ह्या मुलांची लंगोटे दिसतात. आम्ही वस्तीची प्रगती मोजण्याचे एक घरगुती माप ठरवले आहे. एकट्या पुरुषांच्या वस्तीत खानावळ चालते. संसार थाटले गेले की पिठाची गिरणी चालू लागते. सायलीच्या वाटेवर आता गिरण्यांची घरघर ऐकू येते. शिकवणीच्या पाट्या लागल्या आहेत. आमली, टोकरखाडा, डोकमर्डी, सामरवरणी येथेही हाच पालट कमी-अधिक प्रमाणात दिसतो. करसवलती संपल्यावर हे गाव ओस पडेल, असे भाकीत पुष्कळांनी केले होते. सवलती गेल्या, माणसे राहिली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ९८,२६५ भरली. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेत सिल्वासाची निवड झाली. तरीही आम्ही म्हणू, की रस्ते सरकार बांधते, वस्ती बायकामुले बांधतात.

याच सायलीत या प्रदेशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे. २०१९ साली त्याचा पाया घातला गेला आणि २५ एप्रिल २०२३ रोजी त्याच्या वास्तूचे उद्घाटन झाले. जेथून एके काळी डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला परगावची वाट धरावी लागे, तेथे आता परगावची मुले शिकायला येतात. शहरातल्या जुन्या सरकारी रुग्णालयाला विनोबांचे नाव आहे. मार्च २०२५ मध्ये साडेचारशे खाटांच्या नव्या रुग्णालयाचेही उद्घाटन झाले. दादरा-नगर हवेलीत १९९१ साली शंभरात सुमारे ४१ माणसे साक्षर होती. २०११ मध्ये ७६ झाली. एका पिढीत एवढी मजल मारणाऱ्या मुलखाला मागासलेला म्हणून हिणवणाऱ्याने आपल्या गावाचे आकडेही एकदा पाहावेत.

तथापि, गावाची बाजू घ्यायची म्हणजे त्याचे दोष झाकायचे, असे आम्ही मानत नाही. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीवर उगम पावते, आमच्या उशापायथ्याने वाहते आणि दमणला समुद्राला मिळते. मधुबन धरणाच्या वर ती पाहावी. दुधनीच्या जलाशयात डोंगरांची प्रतिबिंबे पाहताना मन निवते. पण तीच नदी खाली वापीपर्यंत जाते तेव्हा तिची काय दशा होते ते सर्वांना ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली वापीची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत केली. त्यात आमच्या बाजूचा वाटा नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

दुसरी उणीव अधिक जिव्हारी लागणारी आहे. हा मुलूख मुळात वारली, धोडिया, कोकणा, काथोडी या लोकांचा. पिपरियाच्या बागेला हिरवावन म्हणतात. मराठी कानाला त्यात हिरवा रंग ऐकू येतो. पण हिरवा हे वारल्यांचे दैवत आहे. त्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी ही स्त्री गीते गाऊन लग्न लावते. ज्या चौकटीची आणि तारप्याच्या फेराची चित्रे आज शहरी दिवाणखान्यांत टांगली जातात, ती कला याच डोंगररांगेतल्या कुडाच्या भिंतींवर जन्मली. २००१ मध्ये या प्रदेशात शंभरात ६२ माणसे आदिवासी होती. २०११ मध्ये ५२ राहिली. धरणाच्या पाण्याखाली त्यांची जमीन गेली आणि कारखान्यांच्या कुंपणांतही गेली. आपण आणि इतर सारे येथे मागाहून आलेलो आहोत. यजमान ते आहेत. म्हणून सायली खरोखर सुधारली की नाही, याची कसोटी आमच्या मते एकच आहे. तेथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात खानवेल-दुधनीकडच्या वारली घरांतल्या किती मुली बसतात, ते मोजावे. ज्या वर्षी तो आकडा अभिमानाने सांगता येईल, त्या वर्षी या शहराच्या बचावासाठी कोणाला लेखणी उचलावी लागणार नाही.

तोपर्यंत वाचकांकडे आमची एक मागणी आहे. मुंबई-बडोदा प्रवासात वापी स्थानक लागते. तेथून आम्ही सतरा-अठरा किलोमीटरांवर आहोत. एकदा उतरावे. शनिवारची संध्याकाळ टाळून आठवड्यातल्या एखाद्या सकाळी यावे. आदिवासी संग्रहालय पाहावे, समोरचे पोर्तुगीज काळातले चर्च पाहावे, श्रावणात आलात तर खानवेलकडच्या रस्त्याला दुतर्फा असलेली झाडी पाहावी. या प्रदेशाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग अजून वनाखाली आहे. आणि परतताना सायलीच्या वस्तीत एखाद्या घरी चहा घ्यावा. घर कोणाचे हा प्रश्न नाही, कोणीही बोलावील.

इतके पाहूनही हे गाव आवडले नाही तर आमचे काही म्हणणे नाही. आवड ज्याची त्याची. पण यापुढे घरी सिल्वासाचे स्थळ सांगून आले, तर पत्रिका ठेवून देण्यापूर्वी मुलाची चौकशी करावी, मुलीची करावी, माणसांची करावी. गावाची चौकशी करायची झाली, तर ती येथे राहणाऱ्यांकडे करावी.