आधीं पात्र, मग गलबत

धक्के बांधिले आणि नावा आणिल्या म्हणजे जलमार्ग सिद्ध झाला, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. नावेस पाणी लागतें, पाण्यास खोली लागते, आणि ती खोली टिकविण्यास शास्त्र लागतें. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत मराठी आरमाराची जुनी गोदी अद्याप दिसते. भरती-ओहोटी जाणल्यावांचून अशी गोदी चालत नसे.

हें शास्त्र ज्या संस्थेनें आपल्या देशांत वाढविलें, ती पुण्याच्या दाराशीं खडकवासल्यास आहे. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या सुधारणेकरितां काढलेली ही लहानशी शाखा १९३६ सालीं हिंदुस्थान सरकारनें आपल्याकडे घेतली. सर क्लॉड इंग्लिस यांनीं येथें नद्यांचीं वळणें व गाळ यांचा अभ्यास केला. त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. कलकत्ता बंदर गाळानें बुजूं लागलें, तेव्हां हुगळीच्या प्रतिकृति करून प्रयोग झाले तेही येथेंच. पुढें १९७५ सालीं फरक्का बंधारा सुरू होऊन ३८ किलोमीटरांच्या कालव्यानें गंगेचें पाणी हुगळीकडे वळविलें गेलें. तरीही गाळ उपसण्याचें काम संपलें नाहीं. नदी एकदां सुधारून सोडून देण्याची वस्तु नव्हे, हाच याचा बोध.

२०१६ च्या कायद्यानें १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. आपली आंबा नदी व वसईची खाडी त्यांत आहेत. परंतु कायद्यानें नांव मिळतें, खोली मिळत नाहीं. मुठेंत नावा चालवूं म्हणणारांसही आमचें हेंच सांगणें आहे. शिवाय तिच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा व शेतीचा आहे.

गाळ उपसणें खर्चाचें आहे, रस्ते असतां हा उपद्व्याप कशास, असें कोणी म्हणेल. जड व घाईचा नसलेला माल पाण्यानें स्वस्त जातो, हें व्यापाऱ्यांस सांगावयास नको. मात्र खोलीची हमी नसेल तर कोणता सुज्ञ व्यापारी आपला माल नावेंत घालील?

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. धक्क्यावर पैसा खर्चण्यापूर्वीं पात्राची पाहणी व्हावी, खडकवासल्याच्या तज्ज्ञांचें मत घ्यावें, आणि प्रत्येक जलमार्गाची खोली दरवर्षीं मोजून मराठींत प्रसिद्ध करावी. व्यापारी मंडळांनीं ही मागणी लावून धरावी. उद्घाटनाचा नारळ पाण्यांत पडतो. तो गाळांत रुतूं नये एवढी काळजी तरी आधीं घ्यावी.